भीतीची साक्ष

घरमालकाचा हात भाजला होता, म्हणून शिवणकाम करणारी ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती. भरदुपारी त्याने आपल्याकडच्या जादा किल्लीने तिचं दार उघडलं, आतून कडी लावली, आणि इस्त्री करत असलेल्या तिच्या कमरेला मागून हात घातला. तिने तापलेली इस्त्री त्या हातावर टेकवली. मग दाबली. गोष्ट एवढीशी, कोर्टात तिला फाटे फुटले.

"स्वतःच्या घरात शिरला तो घुसखोर कसा?" सरकारी वकिलाने विचारलं.

"भाड्याने दिलं की घर राहणाऱ्याचं," न्यायाधीश म्हणाले. "पुढे?"

"मागचं दार उघडं होतं. पळाली का नाही ही?"

"माझ्याच घरातून मी पळू?"

"आणि इस्त्रीखालचा कपडा जळला असता तो?" मागच्या बाकावरून तिची सासू ओरडली. शिपायाने डोळे वटारले.

न्यायाधीश आरोपीकडे वळले. "बाई, जिवाची, अब्रूची भीती वाटली असेल, तर कायदा तुमच्या बाजूने. रागाने चटका दिला असेल, तर गुन्हा. काय वाटलं तुम्हाला?"

'भीती म्हणा,' तिच्या वकिलाने पढवलं होतं. 'रडू आलं तर उत्तमच.'

तिला शिसारी आली होती. अंधारात ओल्या गोगलगायीवर पाय पडावा, तशी. भीती नव्हेच. तीच तर घरमालकाला हवी होती. जिन्यात वाट अडवून, किल्ल्या खुळखुळवत तो तिच्या चेहऱ्यावर तीच शोधायचा. ओंजळीतलं पाणी जपावं तसा तिने चेहरा जपला होता, थेंबही सांडू दिला नव्हता. आता तो बाकावर पुढे सरकून बसला होता, पट्टी बांधलेला हात तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन.

मागे सासू. पाण्याचा पेलाही सुनेनेच तोंडाला लावायचा, असे तिचे थरथरते हात. सून तुरुंगात गेली तर?

"भीती वाटली," ती पुटपुटली.

"मोठ्याने."

"भीती वाटली मला!"

घरमालकाच्या तोंडावर हसू पसरलं, कोऱ्या कापडावर तेल पसरावं तसं.

ती निर्दोष सुटली.

बाहेर तो म्हणालाच, "घाबरली होतीस होय? मला वाटलं, मोठी खमकी!"

"अरे मेल्या, दुसरा हात आण इकडे!" सासू कडाडली. लोक हसले.

सासूचा दंड धरून ती पायऱ्या उतरू लागली. कमरेवरचा हात तिने तेव्हाच सोडवला होता. त्याचं हसू मात्र पायरीपायरीने मागे येत होतं.