परत परत येणारी कवळी

दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवणाऱ्या बाईंना सगळे कवळीताईच म्हणत. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही वाकडा दात बाहेर गेला नव्हता, आणि हे त्या येताजाता कुणाला ना कुणाला ऐकवायच्या. काम हातात घेण्याआधी दोन ओळींची प्रार्थना, मग मेण. देव आपल्या कामावर खूश आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. थोडी असती तर बरं झालं असतं, पण बाई मनाने इतक्या चांगल्या की हा दोष पोटात घालावा.

मग एक निवृत्त शिक्षिका आल्या आणि ताईंच्या नाकी नऊ आले. शिक्षिकाबाई कवळी घेऊन गेल्या, चार दिवसांनी परत. घासून दिली, परत. नवीकोरी करून दिली, तीही परत. टोचत नाही, दुखत नाही, पण "ही माझी वाटत नाही" एवढाच निरोप. हा निरोप डॉक्टर आतल्या दारातून सांगायचे, कारण पेशंट बघायचे ते, ताईंना फक्त साचे दिसायचे.

"या वयात मोत्यासारखे दात दिले, तर म्हणे माझे वाटत नाहीत!" ताई घरी धुसफुसल्या.

रविवारी उपासना झाली की चर्चच्या बाजूच्या खोलीत बायका प्रार्थनेला बसत. तिथे ताईंनी विषयच मांडला. सगळ्याजणी डोळे मिटून कळवळून म्हणाल्या, "प्रभू, त्या हट्टी बाईचं मन मऊ कर." दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी ताईंच्या सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"अगं, पण तिला त्रास काय आहे?"

"त्रास कसला, नखरे आहेत!"

"तू विचारलंस तिला?"

ताई पदर सारखा करू लागल्या.

"तीन रविवार आपण देवाचं डोकं खातोय, आणि तू तिला एका शब्दाने विचारलं नाहीस? तो बिचारा वर बसून काय म्हणत असेल!"

बायका तोंडावर पदर आणि रुमाल धरून हसल्या. ताईंचे कान लाल झाले. संध्याकाळी भांडी घासताना त्यांना एकदम लख्ख कळलं की आपण प्रार्थना करतच नव्हतो, चहाडी करत होतो. फार लाज वाटली त्यांना.

पुढच्या वेळी शिक्षिकाबाई आल्या तेव्हा ताई हात पुसत पुढच्या खोलीत गेल्या आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"तुमची कवळी मी करते. माझं काय चुकतंय, सांगाल?"

शिक्षिकाबाई गडबडल्या. "तुमचं काही नाही हो चुकत. आमच्या ह्यांची आठवण जात चाललीय. मुलांना विसरले, घर विसरले, पण मला ओळखायचे. ही कवळी लावली त्या दिवसापासून मला मॅडम म्हणतात. काल विचारत होते, मॅडम, माझी बायको कधी येणार?" त्यांनी पर्स उगाच उघडली आणि मिटली. "हे डॉक्टरांना कोणत्या तोंडाने सांगू?"

ताईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "जुना फोटो आहे?"

पर्समध्येच होता. फोटोतली तरुण मुलगी खळखळून हसत होती, आणि तिचा वरचा एक पुढचा दात शेजारच्यावर चक्क चढून बसला होता.

आजवर कुठेही असं तोंड दिसलं की दात सरळ करायला ताईंचे हात शिवशिवायचे. या वेळी त्यांनी नवे दात मेणात बसवले, सुरी गरम केली आणि तो एक दात शेजारच्यावर तिरपा चढवला. हात सवयीने त्याला दोनदा सरळ करून बसला. तिसऱ्यांदा त्या नेहमीची प्रार्थना विसरल्या आणि एवढंच म्हणाल्या, "प्रभू, माझं नाव राहू दे बाजूला. तिला घरी ओळख मिळू दे."

डॉक्टर बघून म्हणाले, "ताई, लोक हसतील आपल्याला."

"हसू देत," ताई म्हणाल्या. स्वतःच्याच उत्तराचं त्यांना नवल वाटलं.

कवळी पक्की करण्याआधी मेणातले दात घालून बघायच्या दिवशी शिक्षिकाबाई यजमानांना सोबत घेऊन आल्या. इस्त्रीचा शर्ट, हात गुडघ्यांवर, पाहुण्यासारखे अवघडून बसलेले. बाईंनी दात बसवले, त्यांच्याकडे वळल्या आणि भीत भीत हसल्या.

ते बघत राहिले. बाईंचं हसू मावळायला लागलं. ताईंनी मनात म्हटलं, नाही झालं तरी मी हिच्यासोबत आहे, प्रभू, पुन्हा करू.

मग ते सावकाश उठले, ताईंपुढे आले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, तुमचे फार उपकार झाले. कधीपासून शोधत होतो मी हिला."

आणि बायकोकडे वळून रागावले, "सांगून तरी जायचंस ना गं."

मेण तोंडात असताना बोलायचं नसतं, तरी बाई बोलल्या, "चुकलं माझं." देवाचे आभार मानायला ताईंनी डोळे मिटले, पण ते मिटून राहीनात. समोर ते दोघं होते.