डॉक्टरांची मुदतवाढ

गावाच्या दवाखान्याच्या मंडळावर बसायचं, तर घरच्यांचं दुखणंखुपणं तिथंच दाखवायचं, हा पहिल्यापासूनचा दंडक. टेलरकाकूंनी तो आठवड्यापूर्वी मोडला होता. नातीला घेऊन त्या गुपचूप शहरात जाऊन आल्या होत्या.

करणार काय? म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, मान डोलावली आणि "छाती स्वच्छ आहे" म्हणाले. कानात घालायची टोकं मात्र गळ्यातच लोंबत होती! ऐकू येईनासं झाल्यावर ती घालायची सवयही सुटली असावी. पोरीची घरघर काकूंना हातभरावरून ऐकू येत होती.

आज मंडळापुढे विषय एकच होता, डॉक्टरांना आणखी एक वर्ष ठेवायचं का. डॉक्टर बाहेर दवाखान्याच्या बाकावर बसले होते.

"यात विचारायचं काय? देवमाणूस आहे तो!" मंडळातले दूधवाले म्हणाले. अध्यक्ष म्हणजे शाळेतले निवृत्त मास्तर. त्यांनी सांगताच भराभर हात वर गेले. काकूंचा काही उठेना. वाईट तर वाटणारच हो, त्यांची दोन्ही बाळंतपणं डॉक्टरांनीच केली होती.

"काय काकू, हात दुखतोय का?" दूधवाल्यांनी चेष्टा केली.

"तुमचे खाली घ्या आधी," काकू कडाडल्या. "मी नातीला शहरात दाखवून आले. दंडक मोडला, काढा मला. पण या वर्षी घरचं माणूस डॉक्टरांकडे तुमच्यापैकी कोणी आणलं, त्यांनी हात वर करा बघू."

मास्तर चष्मा पुसू लागले. दूधवाल्यांनी घसा खाकरला. "आईचा गुडघा होता, शहरात मशीन आहे ना..." एकही हात वर गेला नाही. अरे, मग हा देवमाणूस ठेवायचा कोणासाठी? दुसऱ्यांच्या पोरांसाठी?

मुदत वाढवायची नाही, असं ठरलं. सांगायची वेळ आली तेव्हा सगळे काकूंकडेच बघू लागले.

काकू बाकावर बसल्या, डॉक्टरांच्या कानाशी वाकल्या आणि सगळं सांगितलं, गळ्यातल्या टोकांसकट. सांगताना त्यांना रडू आवरेना. डॉक्टरांनी एवढंच विचारलं,

"नात कशी आहे?"

"बरी आहे. न्यूमोनिया निघाला."

"नेलंस ते बरं केलंस." मग त्यांनी दाराकडे बोट केलं. तिथे एक बाई तापलेलं तान्हं बाळ कडेवर घेऊन नंबराची वाट बघत उभी होती. "ही काल पण येऊन गेली. हिला का येऊ दिलंस माझ्याकडे?"

काकूंनी डोळे पुसले आणि त्या बाईपाशी गेल्या. "चल गं, शहरात जाऊ," त्या म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर."