मोडक्या कडेचं सूप

सुगंधाचा ओवसा दोन वर्षं राहिला होता. नव्या सुनेने फळं, पानं, सुका मेवा घालून गौरीपुढे पाच सुपं भरायची आणि मग ती घरातल्या थोरल्या बायकांच्या हातात द्यायची. पण पहिला ओवसा भरायचा तर गौर पूर्वा नक्षत्रावर यावी लागते. लग्नाच्या वर्षी ती तशी आली नाही. पुढच्या वर्षी आली, तेव्हा सुगंधा लेकीला, आनंदीला, घेऊन बाळंतिणीच्या खोलीत. आणि आता सत्त्याऐंशीत सगळं जुळून आलं, तर मे महिन्यात लग्न होऊन आलेली धाकटी जाऊ नीरजा शेजारी पाट मांडून तयार!

नीरजाची सुपं वेंगुर्ल्याहून तिच्या वडिलांनी, मास्तरांनी, अॅम्बेसेडर करून पाठवली. सुगंधाची तिच्या भावाने, शिवाने, तळेऱ्याहून एसटीच्या टपावर टाकून आणली. त्यात एकाची कडाच मोडली. त्याने सुतळीने आवळून दिली.

"दिसाचां नाय गो, वर हळदीची पानां घाल."

"नीरजाची सुपां बघलास? नजर ठरणा नाय!" चुलत सासू अक्का दारातूनच ओरडली.

सुगंधाने तेही गिळलं. पण संध्याकाळी आनंदीला घ्यायला तिने हात पुढे केले, तर पोरीने नीरजाच्या खांद्यात तोंड लपवलं.

"ऱ्हवांदे वयनी, रमलीहा," नीरजा म्हणाली.

म्हणजे हीसुद्धा नेली, सुगंधाच्या मनात आलं.

सकाळी नीरजा विहिरीवर गेली, तेव्हा सुगंधाने तिच्या भरून ठेवलेल्या रांगेतलं शेवटचं सूप उचललं, आपल्या रांगेत ठेवलं आणि त्या जागी मोडकं सरकवलं. सुतळीवर पान नीट दडपलं.

पूजा झाली. सुगंधाने ते नवंकोरं सूप सासूबाईंच्या, यमुनाबाईंच्या हातात दिलं. बाकीची चार चुलत सासवांकडे गेली. मग नीरजा उठली. पहिलं सूप तिने यमुनाबाईंनाच दिलं आणि वळून रांगेतलं शेवटचं उचललं.

"ह्यां माझ्या थोरल्या जावेक. आयेन तुमच्यासाठी मुद्दाम भरलां, वयनी. आत आनंदीक झबलांय आसा."

सुगंधाने सूप हातात घेतलं, तसं पान घसरलं. सुतळी सगळ्यांना दिसली.

"अगो बाय!" अक्का हसली. "थोरल्या जावेक मोडकां सूप? मास्तरांकडची हीच रीत काय गो?"

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. नीरजा पानं उलटीपालटी करत होती. झबलं नव्हतंच. तिचे कान लाल झाले, डोळे भरले.

तीन महिने सुगंधाला हेच हवं होतं. आणि एक क्षण तिला ते गोडही लागलं. मग यमुनाबाईंच्या मांडीवरच्या आनंदीने काकीचा चेहरा बघून ओठ काढले. सुगंधाला वाटलं, पोरगी आपल्याकडेच बघून रडतेय.

"तिका बोला नको," ती म्हणाली. "तां सूप माझां. सुतळी शिवान बांधली. सकाळी मीच बदललंय."

यमुनाबाईंनी सुगंधाने दिलेल्या सुपातून फिकट निळं झबलं वर काढलं.

"मगे ह्यां खंयसून इलां, म्हणान मी केव्हाची इचार करतंय."

आता हशा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. सुगंधा स्वयंपाकघराकडे निघाली.

"बस खाली," यमुनाबाई म्हणाल्या. "तिचो ओवसो संपाक नाय अजून. मधीच उठतत काय?"

तोंड लपवायलाही जागा नव्हती. मोडकं सूप मांडीवर घेऊन सगळ्यांच्या नजरा झेलत ती बसून राहिली. नीरजाने उरलेली तीन सुपं दिली, परत आली आणि आनंदीला झबलं घातलं. अगदी मापात बसलं. गळ्याला बारीक दोऱ्याने मासोळीची नक्षी भरलेली होती. अशी मासोळी आपल्याला जन्मात जमायची नाही, या विचाराने सुगंधाला पुन्हा टोचलं.

"तुझ्या आयेचो हात चांगलो आसा," ती कशीबशी म्हणाली.

नीरजाने मान खाली घातली. "मीच शिवलंय. माझां म्हटल्यार तुमी आनंदीक घालशात काय नाय, ठावक नाय होतां. म्हणान आयेचां नाव सांगितलंय."

सुगंधाने झबल्याची बाही ओढून पाहिली. उलटीकडूनही टाके सरळच होते.

"बाह्यो आखूड झालेत," ती म्हणाली. आणि मग, आवाज खाली आणून, "ती मासोळी कशी घालतत, माका दाखव."