रंगाखालची पापणी

मी एक प्लास्टरचा म्हातारा आहे, मित्रांनो. म्हातारा म्हणजे नुसतं डोकं आणि मानेचा तुकडा. पळून जायला पाय नाहीत. डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावच्या एका चित्रशाळेत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी माझी जागा आहे. मला भित्रा म्हणा हवं तर. पण हातोड्याचा आवाज ऐकत ज्याने दिवस काढले आहेत, त्यालाच माझी भीती कळेल.

एका चर्चच्या भिंतीवर दगडात कोरलेला म्हातारा मासेमार होता. त्याच्यावरून माझा साचा घेतला. साच्यातून निघालो तेव्हा माझ्या पापणीची कड नखासारखी पातळ होती. मुलं कोळशाने माझं चित्र काढत, चुकलेली रेघ पावाच्या मऊ गराने पुसत आणि पुन्हा काढत. पाहुणे माझ्यापाशी थांबून वाहवा करत. मीही मनातल्या मनात फुगत असे.

माझी फार काळजी घेत, मित्रांनो. मला कोणी हात लावायचा नाही, असा नियमच होता. शिवाय दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मला पांढऱ्या रंगाचा एक हात देत. मी चकाचक दिसे, पण दर थराबरोबर सुरकुत्या बुजत गेल्या, पापण्या सुजत गेल्या. पुढे मुलांना माझं चित्र जमेना. "म्हाताऱ्याचा पार बटाटा झालाय," एक मुलगा म्हणाला. दोष मात्र माझ्याच माथी आला.

मग काळ बदलला. प्लास्टर उगाच जागा अडवतं, असं प्राचार्य क्विस्टगोर साहेबांनी ठरवलं. आधी प्लास्टरच्या घोड्याचं डोकं फोडायला अंगणात गेलं, मग एक भलामोठा पाय. खिडकी बंद असूनही प्रत्येक घाव मला ऐकू येई. माझी पाळी शुक्रवारी होती.

त्या सकाळी टीराबाईंनी मला वर्गासाठी मागून घेतलं, तेही फक्त दुपारपर्यंत. बाई स्वतः चित्रकार. त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. त्यांनी नियम धाब्यावर बसवला आणि इंगेलीसच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. ही वर्गातली सगळ्यात नीटस मुलगी. चुकण्याच्या धास्तीने कागदाला भोक पडेपर्यंत पुसत बसायची.

"लाव हात," बाई म्हणाल्या.

"फुटला तर?"

"दुपारी फुटणारच आहे बिचारा."

वर्ग हसला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गार बोटं कपाळावरून डोळ्यांवर आली.

"बाई, पापणीला कडच नाही! सगळं लोण्यासारखं लागतंय."

"मग तुझ्या चित्रात एवढी धारदार कड आली कुठून?"

इंगेलीस ओशाळली. "पापणीला असते म्हणून काढली."

"म्हणजे याला तू अजून बघितलेलंच नाहीस."

बाईंनी रुमाल सोडला आणि तिला ओला बोळा व लाकडी पाती दिली. "खाली काय आहे ते शोध."

"कड तुटली तर, बाई?"

"म्हणून तर सावकाश जा."

रंगाचे पोपडे पडू लागले. आता डोळाच निखळणार, या भीतीने मी अर्धमेला झालो. तेवढ्यात साहेब आले. मागे हातोडेवाला होता.

"आटपा, टीराबाई. माणूस खोळंबलाय."

"इंगेलीस बघतेय अजून."

"तीन वर्षं बघतेय की!"

"नाही साहेब. आज पहिल्यांदा बघतेय."

साहेब वैतागून वाकले आणि तसेच राहिले. पापणीची पातळ कड उघडी पडली होती आणि तिच्याखाली एक बारीक सुरकुती. त्यांनी बोट पुढे केलं. मी संपलोच असं मला वाटलं. पण त्यांनी त्या सुरकुतीवरून नुसतं बोट फिरवलं.

"हे इथंच होतं?"

"इथंच. आपणच झाकत आलो."

साहेब सरळ उभे राहिले. मग हातोडेवाल्याला म्हणाले, "जा बाबा, कॉफी घे जा. आज काम नाही."

मी वाचलो, मित्रांनो. घोडा आणि पाय वाचले नाहीत. त्यांच्या रंगाखाली काय होतं, ते आता कोणालाच कळणार नाही.

अजूनही दार वाजलं की मी दचकतो. नवी मुलं चेहरा चाचपतात तेव्हा जीव मुठीत धरून बसतो. तरीही मला हात लावा. एका हाताने मान धरा, दुसऱ्याने हळू चाचपा. आणि माझी काळजी घ्यायची असेल, तर आधी मला नीट बघा.