रंभाबाईच्या छातीतली धडधड

मी एक जुने हृदय आहे. मित्रांनो, इंग्रजी अमलातल्या बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या रंभाबाईच्या छातीत मी राहते. ती जरीवाल्यांसाठी रेशीम उकलायची. माझ्या वरच्या कप्प्यातून एक हुकूम सुटायचा, तो खाली यायचा आणि मी ठोका द्यायचे. तेव्हा माझी कुणाला आठवणही नसे. चांगल्या हृदयाचे नशीबच तसे.

मग नवरा गेला, लेक सासरी गेली. एका दुपारी वरच्या कप्प्यातला प्रत्येक तंतू आपापला हुकूम सोडू लागला. सारा सावळागोंधळ! वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे एक चौकी आहे, तिच्यातून सुटतील तेवढेच हुकूम खाली येत, तेही वेळी-अवेळी. मी धावायचे, अडखळायचे. काही ठोके इतके पोकळ की मनगटापर्यंत पोचतच नसत.

शेजारची मथुराबाई सरकलेली बेंबी बसवण्यात नावाजलेली. रंभाबाईने तिला धडधड सांगितली, तेव्हा बेंबीचा ठोका जागेवर आहे का ते पाहायला तिने पोटात बोटे रुतवली. ठोका कधी लागे, कधी नाही.

"तुही बेंबी सरकली, बाई," ती म्हणाली आणि पायाचे अंगठे ओढले. पुन्हा धडधडले, पुन्हा ओढले. शेवटी ती वैतागली. "बेंबी तं बसली. एकटीले करमत नाही म्हणून सोंग करते तू!"

रंभाबाईने सांगणेच सोडले. ती भिंतीकडे तोंड करून रडायची. मी तिच्या सगळ्यात जवळ, पण मला तिची समजूत घालता येईना. फार एकटे वाटायचे.

एके सकाळी ती पाणी भरताना कोसळली. घाबरलेल्या मथुराबाईनेच शनवारा मोहल्ल्यातले डॉक्टर बोलावले. रिवाजाप्रमाणे रंभाबाईने पडद्याआडून फक्त हात पुढे केला.

"नाडी बारीक आहे. अशक्तपणा," म्हणत डॉक्टर उठले.

"डाक्टरसाब, हातात काही नाही. छातीत पाहा!" रंभाबाईने स्वतःच पडदा सारला. लाजेने आणि भीतीने मी आणखीच धावू लागले.

डॉक्टरांनी नळी लावली. बराच वेळ ते ऐकत राहिले. "हाताला लागतात त्याहून कितीतरी जास्त ठोके आहेत इथे. बाई, तुमचं हृदय बेताल झालंय. बेंबीचा काही संबंध नाही."

"म्हंजे मी सोंग नव्हती करत?"

"नाही."

मथुराबाईने मान खाली घातली. रंभाबाई हुंदके देऊन रडली.

औषधाने माझी घाई कमी झाली, ताल मात्र परत आला नाही. मित्रांनो, आम्हा हृदयांना वाचा नसते. जिच्या छातीत आम्ही असतो, तिलाच बोलावे लागते. ती बोलेल तेव्हा तिचे खरे माना.