लाल शाईतला विरोध

न्याय ही विकाऊ वस्तू नाही आणि वकील हा दुकानदार नाही, हे वाक्य काकांनी त्या महिन्यात ऑफिसात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. त्यात काही अशील होते, विरुद्ध बाजूचा एक वकील होता आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला एक माणूस होता. मीटरवाल्याला ते अगदी मनापासून पटलं. तो म्हणाला, "बरोबर आहे साहेब. मीटर कुठं आहे?"

झालं होतं असं की कायदा बदलला होता. वकील नसलेल्यालाही आता वकिली ऑफिसचा मालक होता येत होतं. आणि फ्रिज, वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला काकांचं ऑफिस पसंत पडलं होतं. कंपनीचा अधिकारी सभ्य होता, बूट काढून आत येत असे. फ्रिज घेणाऱ्या माणसाला आज ना उद्या मृत्युपत्रही लागतंच, तर दोन्ही एकाच ठिकाणी का मिळू नये, असा त्याचा सरळ हिशेब होता. काकांनी त्याचं नाव फ्रिजवाला ठेवलं, तेही त्याच्या तोंडावर. त्यानं ते हसून घेतलं, त्यामुळे काका जास्तच चिडले.

ऑफिस काका आणि पुतणी यांचं निम्मंनिम्मं. विकायचं तर दोघांची सही हवी. काकांनी पुतणीला स्पष्ट सांगितलं होतं, "तुला वाटत असेल तर कर सही. मी आडवा येणार नाही. तुझ्या खाली मीही करीन आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसेन."

त्याच संध्याकाळी काकूचा फोन आला. "तू तुला हवं ते कर बाई, पण यांना घरी पाठवू नकोस."

पुतणीचं मन मात्र कंपनीकडे झुकलं होतं. वीस वर्षं ती या ऑफिसात होती. प्रिंटर वरून हातानं दाबून धरला तरच चालायचा. सलग चार दिवसांची शेवटची रजा तिनं अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी काका एका अर्जावर सही घ्यायला दवाखान्यात हजर झाले होते. कंपनी नवा प्रिंटर देणार होती, दोन ज्युनिअर देणार होती, वर्षाला तीन आठवडे रजा देणार होती. शिवाय एक गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. कंपनीनं पाठवलेला करार भोंगळ होता. 'वाजवी कारण असल्यास वाजवी मुदतीत कोणत्याही पक्षास बाजूला होता येईल,' असं त्यात होतं. म्हणजे नाही जमलं तर सहा महिन्यांत दोघं बाहेर. या एका कलमाच्या भरवशावर तिला रात्री झोप लागत होती.

सही करण्याआधी फ्रिजवाल्यानं एक दिवस ऑफिसात बसून कामकाज बघायचं ठरवलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तो वही घेऊन बसला.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. भावावर दावा लावायचा होता. घर एक, जिना सामाईक.

"शेवटचं कधी बोललात त्याच्याशी?" काकांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"काय म्हणाला होता?"

"म्हणाला, जिन्यात चपला ठेवू नकोस."

"मग?"

"मग काय... ठेवल्या."

"उचला."

"अहो, पण दावा?"

"आधी चपला उचला. तरी भांडला तर मी आहेच."

बाई फणकाऱ्यानं उठल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या, चपलांना कपाट किती मोठं हवं ते स्वतःशीच पुटपुटल्या आणि गेल्या.

दिवस संपला तेव्हा फ्रिजवाल्यानं वही मिटली. "नऊ जण आले, सहा जण काहीच न घेता परत गेले. याला आमच्याकडे गळती म्हणतात."

"आमच्याकडे सल्ला म्हणतात," काका म्हणाले. "नीट ऐका. वकिलाच्या समोर अशील असतो. मागे कोणी नसावं. मागे मालक उभा राहिला की वकील मान वळवून बघतो. आणि मान वळली, की समोरचा गेला."

फ्रिजवाल्यानं वहीत 'मान' असं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीनं करार काकांच्या टेबलावर ठेवला. "निदान वाचा तरी."

"हातसुद्धा लावणार नाही."

ती कोर्टात गेली आणि तीन वाजता परतली. करार लाल शाईनं माखला होता. काका दुसऱ्या पेनातली शाई संपवत होते.

"काय हे लिहिलंय गं?" काका खवळलेच होते. "वाजवी म्हणजे कोणाच्या मते वाजवी? यातून ट्रक निघून जाईल! मी सगळं बुजवलं. पंधरा वर्षं पक्की. कारण असो वा नसो, कोणी हलू शकणार नाही."

पुतणी मटकन खुर्चीत बसली. "काका, त्या ट्रकमध्ये आपण बसणार होतो."

काकांनी पेन खाली ठेवलं आणि ते कलम पुन्हा एकदा वाचलं.

"तरी पण," ते म्हणाले, "भोंगळ ते भोंगळच."

"तुमचा याला विरोध आहे ना?"

"कडाडून! पण म्हणून काय तो इतका गचाळ राहू द्यायचा?"

तेवढ्यावरही निभावलं असतं. पण त्या ऑफिसात एक शिरस्ता होता. लाल शाईचा कागद दिसला की कारकूनबाई तो टाइप करत आणि विरुद्ध बाजूला पाठवून देत. तीस वर्षांत काकांना 'पाठवू का' असं विचारलेलं कधी खपलं नव्हतं, म्हणून त्या विचारतही नसत. पुतणी तोंड धुऊन आली तोवर करार कंपनीत पोचला होता.

"कशाला पाठवलात हो?" तिनं विचारलं.

"मॅडम, साहेबांनी खाली दोन रेघा ओढल्यात. दोन रेघा म्हणजे अंतिम."

कंपनीचा फोन तासाभरात आला. त्यांच्या कायदा विभागाला तीन वर्षांत असा करार लिहिता आला नव्हता. सगळ्या दुरुस्त्या मान्य होत्या. परवा सही.

तिसऱ्या दिवशी फ्रिजवाला नवीन पेन घेऊन आला. आता मागचं दार उरलं नव्हतं. सही म्हणजे पंधरा वर्षं, आणि समोर काका हाताची घडी घालून, भिंतीकडे बघत, घरी बसायच्या तयारीत. पुतणीनं पेन उघडलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या जिन्यावाल्या बाई पुन्हा आल्या तर मी काय करायचं?"

"नोटीस द्यायची," फ्रिजवाला म्हणाला.

"आणि चपला उचला, असं सांगितलं तर?"

तो माणूस प्रामाणिक होता. त्यानं खरोखर विचार केला. "मॅडम, सांगा की. पण महिन्यातून किती वेळा सांगायचं, ते ठरवून घ्यावं लागेल."

पुतणीनं पेनाला टोपण लावलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "नाही जमणार."

काका भिंतीकडेच बघत राहिले, पण हाताची घडी सुटली. कारकूनबाईंनी न सांगता चहा ठेवला.

फ्रिजवाल्यानं राग मानला नाही. बूट घालता घालता तो म्हणाला, "मसुदा मात्र आम्ही ठेवून घेतला तर चालेल ना? उत्तम झालाय."

"ठेवा, ठेवा," काका म्हणाले. तारीफ त्यांना फारशी मिळत नसे. "नवव्या कलमात एक स्वल्पविराम राहिलाय, तेवढा घाला."

पुढचे कित्येक दिवस काका सांगत होते की या व्यवसायाची अब्रू एका सहीवर अडून होती आणि त्यांच्या पुतणीनं ती वाचवली. पुतणी प्रिंटर दाबून धरून ऐकत असे.

वर्षभरात कंपनीनं शहरातली सात वकिली ऑफिसं विकत घेतली. सातही करार काकांच्या मसुद्यावर झाले. त्यांतून अजून एकालाही बाहेर पडता आलेलं नाही.