साडेनवाची भवानी

मला राग लवकर येतो. आमचे आबा म्हणतात, "धम्मशीला, नाव काय ठिवलं अन् तोंड काय हाय तुझं!" मी म्हणते, आबा, एक आठवडा गंगाखेडच्या स्टँडवर ऑटोवाल्यांच्या तोंडी लागून बघा. तुमच्यासारखा शांत माणूसबी घरी येऊन भांडी आपटंल.

झालं असं, की रेल्वेच्या फाटकापल्याडच्या एका कॉलेजात मला लिपिकाची जागा मिळाली. तीन महिन्यांची, टेम्परवारी. पहिल्याच दिवशी प्राचार्य सायबांनी सांगितलं, "साडेदहाच्या आत मशीनवर अंगठा पडला पाहिजे. तीन महिन्यांत तीन लेटमार्क झाले तर घरी बसायचं. न्हाई झाले तर पुढची ऑर्डर वर्षाची." बत्तीस वर्षांची झाले मी. बी.ए. झाले, टायपिंग झालं, आन् एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खुर्ची दिली होती. ती जाऊ द्यायची न्हाई, एवढंच डोक्यात.

राणीसावरगावची माझी बस साडेनवाला गंगाखेडात येती. तिथून कॉलेज अडीच किलोमीटर. धडधाकट माणसाला काय हाय त्यात? पण माझा डावा पाय लहानपणापासून पोलिओचा. चालते मी, कुणाच्या खांद्याला हात लावत न्हाई. फक्त तेवढ्याला सव्वा तास लागतो. साडेनऊ आन् सव्वा तास, तुमीच बघा. म्हणजे ऑटो पाहिजेच.

आन् ऑटोवाले तिकडं यायला तयार न्हाईत! एकाला इचारलं, दुसऱ्याकडं बोट. दुसऱ्याला इचारलं, तर तो मोबाईलात तोंड घालून म्हणतो, "न्हाई जमत." कामून? तर वाटेत रेल्वेचं फाटक. एकदा पडलं की वीस मिनिटं उठत न्हाई. आन् पल्याडून परत येताना शीट भेटत न्हाई, गाडी मोकळी हाणावी लागती. "पेशल करा, शंभर द्या," म्हणतात. शेअरचे तिकडं वीस रुपये होतात हे सगळ्यांना ठावं. रोज जायला शंभर, यायला शंभर दिले तर पगार ऑटोतच बसवून यावा लागंल.

पहिल्याच आठवड्यात एक दिवस कुणीच हललं न्हाई. मी चालत निघाले. अंगठा लावला तवा दहा सत्तेचाळीस. एक लेटमार्क.

दुसऱ्या दिवशी स्टँडसमोर पंचफुला मावशीच्या चहाच्या गाड्यावर मी ऑटोवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायले, तर मावशी गाळणी झटकत म्हणली, "आगं पोरी, उचलली जीभ लावली टाळ्याला. शिव्या देऊन कुणी गाडी काढत असतंय का? भवानी हो त्यांची."

"म्हणजे?"

"दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते कुणी मोडत न्हाई. ना दुकानवाला, ना ऑटोवाला, ना मी. जे देईल ते घ्यायचं, कपाळाला लावायचं, घासाघीस करायची न्हाई. भवानी परतवली की दिवस वाया. तो निळ्या ऑटोचा भुजंग बघ. आधी शेतात पाणी देतो, मग नव-साडेनवाला गाडी काढतो. तुझ्या बसच्या टायमाला त्याची भवानी बाकी असती."

आता आमच्या घरात असलं कुणी मानत न्हाई. शकुन-अपशकुन, मांजर आडवं गेलं, काय न्हाई. आबांनी लहानपणीच सांगितलं, डोकं वापरायचं. मी डोकंच वापरलं. सरळ भुजंगच्या ऑटोत जाऊन बसले आन् म्हणले, "भाऊ, भवानी झाली का?"

"न्हाई अजून," तो खुशीत म्हणला. चाळीस-पंचेचाळीसचा गडी, मिशा मोठ्या, बोलणं थोडं. "कुठं जायचं, ताई?"

"फाटकापल्याड. कॉलेजात. वीस रुपयात."

त्याच्या मिशा खाली आल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पंचफुला मावशी पदराआड हसायली. शेवटी त्यानं दात-ओठ खात किक मारली. फाटक पडलेलंच होतं. मी म्हणले, "ते बाजूनं पुलाखालून वाट हाय न्हवं?"

"त्या चिखलात? गाडीच्या स्प्रिंगचं पाटं तुटतंय तिथं. पुलाखालून गाडी घातली तर नावाचा भुजंग न्हाई."

दहा वाजता कॉलेजात. मी विसाची नोट दिली. त्यानं ती कपाळाला लावली, डोळे मिटले, वरच्या खिशात वेगळी ठिवली आन् माझ्याकडं न बघता गेला. मला लय हसू आलं.

पण हा भुजंगबी काही साधा न्हवता. दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरायले, तेवढ्यात काय बघते? त्यानं त्याच्या दोस्ताला, परमेश्वरला, पकडून ऑटोत बसवलं, स्टँडच्या झाडाला एक चक्कर मारली, आन् परमेश्वरनं खाली उतरून त्याच्या हातावर एक रुपया ठिवला. एक रुपया! भुजंगनं तो कपाळाला लावला आन् मला म्हणला, "ताई, भवानी झाली की आपली. आता पेशल लागंल."

सगळे ऑटोवाले खो खो हसायले. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. म्हणले, "हसा मेल्यांनो! ज्याला मानता त्यालाच फसवता व्हय? मी तर मानतबी न्हाई, पण असला लबाडपणा माझ्याच्यानं झाला नसता!" आन् चालायला लागले. अर्ध्या वाटेत डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं कशाला बोलू? रागाचं होतं, पायाचं होतं, दोन्हीचं होतं. दहा पंचावन्न. दुसरा लेटमार्क. प्राचार्यांनी कागदावर लाल गोल केला. महिना अजून पहिलाच चालू होता आन् माझ्याजवळ एकबी चूक उरली न्हवती.

त्या रात्री आबा म्हणले, "जाऊ दे ती नोकरी." मी म्हणले, "खुर्चीवरून उठवलं तर उठंन, आपून व्हऊन न्हाई."

सकाळी उतरले तर भुजंग ऑटो घेऊन बसच्या दारातच उभा. चेहरा असा, की सासरवाडीत अपमान झालाय.

"बसा ताई. भवानी तुमचीच."

मी बसले न्हाई. "एक रुपयावाला कुठं गेला?"

"नका काढू त्याचं नाव," भुजंग म्हणला. "काल दिवसभर एक शीट भेटलं न्हाई. दुपारी चाक बसलं. संध्याकाळी पोलिसानं पावती फाडली. देवीला रुपयात फसवाया गेलो, तिनं सातशेला फसवलं मला."

"देवी-बिवी काही न्हाई. चाक जुनं असंल."

"तुमी नका मानू. माझी गाडी मानती. बसा."

बसले. काय करू, अडला हरी! त्या दिवसापासून रोज साडेनवाला भुजंगची भवानी मीच. फाटकावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचो, त्यात बोलणं व्हायचं. तो सोनपेठकडच्या एका खेड्यातला, थोडी शेती, ऑटो हप्त्यावरचा. मी लेटमार्कचं सांगितलं, दोन झालेत, तिसऱ्याला घरी. त्यानं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणला, "म्हणजे दुसरा त्या रुपयाच्या दिवशी झाला?"

"व्हय."

त्यावर तो मालगाडीचे डबे मोजत बसला. माफी मागायची त्याला सवय न्हवती आन् मला द्यायची न्हवती, म्हणून आमचं बरं जमलं. पण एक सांगते, त्याची नोट कपाळाला लावायची रीत कधी चुकली न्हाई. रोज मिटलेले डोळे, रोज वरचा खिसा. मी चिडवायचे, "अहो भुजंगराव, विसाच्या नोटेला एवढं? दोनशेची दिली तर काय साष्टांग घालाल?" तो म्हणायचा, "कॉलेज लागलं, उतरा."

असे अडीच महिने गेले. शेवटचे तीन दिवस राहिले आन् आमच्या बसनं दगा दिला. वाटेतच इंजिन गरम झालं, ड्रायव्हर बाटल्यांनी पाणी वतायलाय, कंडक्टर म्हणतो आता निघू, आता निघू. माझा जीव खालीवर. गंगाखेडात उतरले तवा दहा वाजून सात मिनिटं.

धावता येत असतं तर धावले असते. लाईनीत पुढचा नंबर परमेश्वरचा. त्यालाच इचारलं, त्याचंच तोंड बघायची पाळी.

"न्हाई जमायचं," तो म्हणला. "फाटक पडलंय, आताच मालगाडी लागली. माझी पाच शीटं भरलीत, मोंढ्याच्या बाजाराकडची. एकासाठी भरली गाडी खाली करू व्हय?"

"शंभर देते. दीडशे घ्या."

"दोनशे दिले तरी फाटक उठतंय का, ताई?"

मागच्यांकडं बघितलं. सगळ्यांनी माना फिरवल्या. त्यांचाबी दोष न्हाई म्हणा, स्टँडचा कायदाच तसा. ज्याचा नंबर, शीट त्याचं. तो न्हाई म्हणला तरी मागच्यानं उचलायचं न्हाई, उचललं तर एक दिवस लाईन बंद. सूट एकच, भवानीचं गिऱ्हाईक. ते ज्याचं त्यानं कुठूनबी उचलावं. पण दहा वाजून गेले, आता कुणाची भवानी राहिलीय? मी उभीच राहिले. वाटलं, संपलं. अडीच महिने रोज वेळेवर आले आन् शेवटाला एका इंजिनानं घालवलं. एवढं वाईट मला आई गेल्यावरच वाटलं होतं.

तेवढ्यात लाईनीच्या पार शेवटून निळा ऑटो बाहेर निघाला आन् माझ्याम्होरं येऊन थांबला.

"ताई, बसा."

"ए भुजंग!" परमेश्वर वरडला. "नंबर माझा हाय!"

"माझी भवानी राहिलीय," भुजंग म्हणला.

"दहा वाजता?"

"राहिलीय म्हणलं ना! सकाळपासून कुणी भेटलं न्हाई. भवानी मोडू व्हय तुझ्यासाठी?"

परमेश्वरनं हात झटकला. भवानीपुढं कोण काय बोलणार? मी बसले. गाडी निघाली ती फाटकाकडं न्हाई, डावीकडं वळली.

"भुजंगराव, ही पुलाखालची वाट."

"धरून बसा."

आगं माय, काय ती वाट! गटाराचं पाणी, गुडघाभर खड्डे, एक डुक्कर आमच्या पुढं जागा सोडंना. गाडी अशी आदळली की माझं डोकं वरच्या दांड्याला लागलं. खालून काहीतरी कडाडलं. मी म्हणले, "पाटं गेलं!" तो म्हणला, "गेलं तर गेलं, किती वाजले?" दहा अठरा. पल्याड निघालो तवा चिखल त्याच्या मिशांपर्यंत उडाला होता. कॉलेजच्या दारात दहा पंचवीस.

मी उतरले, वीस रुपये हातात ठिवले आन् पायऱ्यांकडं वळले. काय वाटलं कुणास ठावं, मागं बघितलं. भुजंगनं नोट घेतली, घडी घातली आन् सरळ पँटच्या खिशात कोंबली. डोळे मिटले न्हाईत. कपाळ न्हाई. वरचा खिसा न्हाई.

मी थांबले.

"भुजंगराव, नोट कपाळाला न्हाई लावली?"

तो खाली वाकून चाकाकडं बघायला लागला. "सकाळीच लावली. नव वाजता. दवाखान्याचं शीट होतं."

"म्हणजे तिथं समद्यांपुढं खोटं बोललात? भवानीचं नाव घेऊन?"

"बोललो," तो म्हणला. मान वर केली न्हाई. "मागं एकदा खोट्या भवानीनं तुमचा लेटमार्क झाला. आज तिनंच वाचवला. बराबर झालं. आता जावा की, न्हाईतर लबाडी वाया जाईल!"

मी गेले. पायऱ्या कशा चढले ते आठवत न्हाई. दहा अठ्ठावीसला अंगठा लावला. चिखल लागला होता म्हणून मशीननं पहिल्यांदा घेतला न्हाई, दुसऱ्यांदा घेतला. मग खुर्चीवर बसून मी ओंजळीत तोंड घालून रडले. शिपाई म्हणला, म्याडम, काय झालं? मी म्हणले, काही न्हाई, वेळेवर आले.

चौथ्या दिवशी वर्षाची ऑर्डर हातात पडली. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

साडेनवाला उतरले तर निळा ऑटो बाजूला उभा, खाली दगड लावून, पाटं काढलेलं. भुजंग पंचफुला मावशीच्या गाड्यावर बसलेला. त्याची लाईन एक दिवस बंद होती. दवाखान्याच्या शीटाचं कुणीतरी सांगितलं असंल, न्हाईतर त्यानं आपून व्हऊन कबूल केलं असंल. मला दुसरंच खरं वाटतं. मी तावातावानं लाईनीकडं निघाले. म्हणलं, आज या परमेश्वरला असा धुते, की मोंढ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

परमेश्वरचा नंबर पुढं होता. मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं शीट पुसली.

"बसा ताई, फाटकापल्याड ना? वीसच द्या."

मी म्हणले, "भवानी राहिली असंल तुमची."

"न्हाई हो," तो म्हणला. "भवानी कवाच झाली. बसा."